चंद्रावर माणूस गेल्याची बातमी

नावड्याच्या त्या सोसायटीत रमझानचा चाँद सगळ्यात आधी दिसायचा तो तिसऱ्या मजल्यावरच्या नूरजहाँला. सत्तरी ओलांडली तरी नजर घारीसारखी. चंद्राची न् माझी जुनी ओळख हाय, असं ती कौतुकानं म्हणायची. त्यामुळे त्या संध्याकाळी नात सना जे बोलली ते ऐकून, कोळंबी सोलता सोलता तिचे हात जागच्या जागी थांबले.

नववीतली सना शाळेच्या प्रोजेक्टसाठी मोबाइलवर व्हिडिओ बघत बसली होती. जाडजूड पांढऱ्या कपड्यातला एक माणूस राखाडी मातीत उड्या मारत चालला होता.

"पिक्चर हाय काय?" नूरजहाँनं विचारलं.

"पिक्चर काय, दादी! चंद्रावर आहे तो. खरोखरचा."

"चल! चंद्रावर मशीन गेली. आपली. टीव्हीवर बघितली मी."

"ते आत्ता, चांद्रयान. माणसं तर कधीच जाऊन आली. पहिली एकोणीसशे एकोणसत्तरला. बारा जण चाललेत तिथं. नंतरच्यांनी तर गाडीपण फिरवली."

एकोणसत्तर म्हणजे नूरजहाँच्या लग्नाचं साल. उरणकडच्या त्या नव्या घराच्या अंगणात उभी राहून, याच चंद्राकडे बघत ती माहेरच्या आठवणीनं रडायची. तेव्हा वर माणसं होती?

"जिती परत आली?"

"सगळी."

"आनि हे सगळ्यांना ठाऊक हाय?"

"अख्ख्या जगाला, दादी."

ती तशीच उठून बाहेरच्या खोलीत गेली. तळोज्याच्या कारखान्यातून रिटायर झालेला बदरुद्दीन पेपर वाचत होता.

"चंद्रावर मानूस गेल्याचं तुमाला ठाऊक होतं?"

"हो," तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "पनवेलच्या हॉटेलात रेडिओवर ऐकलेलं. बाजारात दुसरा विषयच नव्हता."

"मग मला का नाय सांगितलंत?"

आता त्यानं वर पाहिलं. "घरी येऊन अम्मीला सांगितलं, तर ती भडकली. असलं खोटंनाटं या घरात बोलायचं नाय म्हणाली. मग तुला सांगायचं... राहून गेलं."

नूरजहाँ खाली फरशीवरच बसली.

"अजून काय काय सांगायचं राहून गेलंय?"

बदरुद्दीन हसण्यावारी नेईल, असं दारात उभ्या सनाला वाटलं. तो हसला नाही. पेपराची घडी घालत राहिला.

"एकदा एक मास्तरीणबाई आली होती," तो शेवटी म्हणाला. "बायकांना लिहायवाचायला शिकवायची. तुझं नाव घेऊन विचारत होती. तू पाण्याला गेली होतीस. अम्मीनं दारातनंच परत धाडली. नंतर पुन्हा आली, तेव्हाही तसंच."

चंद्राचं ऐकून बावरलेली दादी सनाला आता वेगळीच दिसत होती. रेशनच्या दुकानात, बँकेत, या फ्लॅटच्या कागदांवर, जन्मभर तिनं अंगठाच उठवला होता.

"तुमी घरात होता?"

"होतो."

"दोन्ही टायमाला?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

नूरजहाँ नवऱ्याकडे बघत राहिली, परका माणूस घरात शिरावा तशी. मग आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. बदरुद्दीननं बाहेरून दोन-तीन हाका मारल्या.

सकाळी ती त्याच्याशी एवढंच बोलली, "स्टेशनरीच्या दुकानात पाटी मिळते का बघा. नाय मिळाली तर पनवेलला जा."

तो चहा अर्धा टाकून चपला शोधायला लागला.