निळा चमचा

पिशवी टेबलावर आपटतच आजीनं तोंड उघडलं.

"पोर आमची वाळत चालली आहे, आणि तुम्ही मागवलंत काय, तर पावडरीचा डबा, बाटली, चमचा, थर्मास! तपासणी आहे की सहल?"

टेबलापलीकडची बाई नुसती हसली. आधी तिनं नळाखाली हात धुतले, सावकाश, बोटांच्या बेचक्यांसकट. आजीला नेमकं हेच खटकत होतं. दारावरच्या पाटीवर चक्क 'परिचारिका' लिहिलेलं. जादा शिकली आहे म्हणे. मुलांना स्वतःच तपासते, औषधही स्वतःच लिहून देते. पण नर्स ती नर्सच. मोठ्या डॉक्टरांनी दोनदा पाहिलं आणि पाच मिनिटांत टॉनिक लिहून मोकळे झाले. हिनं गेल्या खेपेला पाऊण तास खाल्ला, आणि औषध काय, तर एक थेंब नाही.

सुनेनं बाळाचे कपडे काढले. जन्मली तेव्हा गुबगुबीत, म्हणून आजीनंच तिला ढब्बी म्हणायला सुरुवात केली होती. आता ती हाक मारताना आजीची जीभ अडखळायची. काट्यावर आकडा थांबला. चार किलो सहाशे. दोन महिन्यांत जेमतेम दोनशे ग्रॅम.

"भूक कशी आहे?" नर्सनं विचारलं.

"भुकेला काय धाड भरलीय? बाटली संपली की भोकाड. खाते, पण अंगाला लागत नाही. हिच्या माहेरचे सगळेच काटकुळे."

सुनेनं हातातल्या झबल्याची घडी पुन्हा मोडली, पुन्हा घातली. दोन महिन्यांपूर्वी ती कामावर रुजू झाली, तेव्हापासून दिवसरात्रीच्या बाटल्या आजीनं स्वतःकडे घेतल्या होत्या. त्या ती कुणाला करू देत नसे.

नर्सनं वजनाचं कार्ड सुनेच्या हातात दिलं आणि तिला बाहेरच्या खिडकीवर नोंद करायला पाठवलं. मग ती आजीकडे वळली.

"आजी, एक बाटली करून दाखवता?"

"मला शिकवणार तुम्ही? तीन पोरं वाढवलीत मी."

"शिकवत नाही. बघते."

आजी उठली. तिनंही हात धुतले, मुद्दाम, बेचक्यांसकट. थर्मासमधलं पाणी बाटलीत एकशेवीसच्या रेघेपर्यंत ओतलं. रुमालाची गाठ सोडून लांब दांड्याचा निळा चमचा आणि सुरी काढली. दोन चमचे पावडर, सुरीच्या पाठीनं सपाट केलेली. एक कण सांडला नाही.

"डब्यातला चमचा नाही वापरत?"

"तो आखूड. बोटं बुडतात पावडरीत, शी! हा माझ्या थोरल्याच्या वेळच्या डब्यातला. त्याला जाऊन बघा, दारातून वाकून आत येतो."

नर्सनं डब्यात चिमटा घालून तळाशी गेलेला पांढरा चमचा वर काढला. तो काठोकाठ भरून एका कोऱ्या कागदावर पालथा केला. शेजारी निळा चमचाही तसाच भरून पालथा केला.

कागदावर दोन ढीग होते. निळ्याचा पांढऱ्याच्या निम्मा.

आजीनं डबा उचलून डोळ्यांजवळ धरला. साठ मिलीला एक चमचा. आकडे तिला येत होते, आणि ते तिनं बरोबरच वाचले होते. चमचा कुणाचा, ते डब्यानं विचारलं नव्हतं.

"अर्धपोटी होती," ती म्हणाली.

"होती. आता नाही राहणार." नर्सनं जरा थांबून विचारलं, "सुनेला मी सांगू?"

"का? मला तोंड नाही?"

आजीनं दार उघडलं. बाहेरच्या बाकांवरची सगळी माणसं वळून बघू लागली.

"अगं ए, आत ये. तुझ्या माहेरच्यांचं काही नाही त्यात. चमचा माझा होता!"

सून आली. तिनं कागदाकडे पाहिलं, मग सासूकडे. पांढरा चमचा उचलून तिनं सासूच्या हातात दिला.

"तुम्हीच करा, आई. यानं."

ढब्बीनं ती बाटली डोळे मिटून ओढली. संपल्यावर तिघी भोकाडाची वाट बघत राहिल्या. ते आलं नाही. तोंडाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब ठेवून ती झोपली होती.

पंधरा दिवसांनी काट्यावरचा आकडा नर्सनं वाचायच्या आधी आजीनंच मोठ्यानं वाचला, बाहेरच्या बाकांपर्यंत जाईल असा.

"पाच किलो एकशेवीस!"

नर्सनं कार्डावरची रेघ वर ओढली. एवढी वर, की आजीनं ते कार्ड हातात घेऊन आधी सुनेला दाखवलं, मग पुन्हा स्वतः पाहिलं. झबलं घालताना ढब्बीच्या दंडाला वळी पडली. आजीनं ती दोन बोटांत धरून पाहिली.

मग पिशवी खांद्याला लावून ती दारापर्यंत गेली, पाटीकडे मान वर करून बघितलं, आणि परत आत आली.

"तू डॉक्टर नाहीस, तेच बरं," ती नर्सला म्हणाली. "असतीस, तर मला बाटली करायला सांगितलंच नसतंस."