एक गोल चालतो

मी गोलची जाळी. गोलकीपरचा फोटो काढताना त्याच्या मागे जी पुसट दिसते, तीच. माझ्याकडे मुद्दाम कुणी बघत नाही. बघतात तेव्हा बहुतेक वेळा आमच्यावर गोल झालेला असतो.

पण आज मी बोलणार आहे. 'हरून नाचणारा देश' असं आमच्याबद्दल छापून आलंय. छापणाऱ्यांपैकी एकही त्या दिवशी माझ्याइतका जवळ नव्हता.

माझा जन्म बंदराजवळच्या एका शेडमध्ये झाला. मला विणणारा माणूस आयुष्यभर मासे धरायच्या जाळ्या विणत आला. लाकडी सुई, दोरा, गाठ, ओढून बघायचं, पुन्हा गाठ. माझ्या बहिणी होड्यांवर गेल्या. मी आणि माझी एक जुळी तेवढ्या मैदानावर आलो, कारण विणणाऱ्याचा मुलगा देशाच्या संघाचा गोलकीपर झाला होता. तिथल्या जुन्या जाळ्या इतक्या फाटल्या होत्या, की चेंडू आतून गेला की बाहेरून, हे पंचाला कळेना.

मला खांबांना बांधताना बाप पोराला म्हणाला, "बाकीच्या जाळ्या भरून आल्या की मी खूश असतो. ही मात्र रिकामी ठेव."

"बाबा, हे समोरच्या संघाला सांगा ना."

"ते कशाला ऐकतील माझं? तू ऐक."

पोराला सगळे कुलूप म्हणतात. कौतुकाने म्हणतात, आणि गोल झाला की त्याच तोंडाने ओरडतात, "कुलपाची चावी सापडली रे!" तो कधी उलट बोलत नाही. वाकून माझ्यातला चेंडू काढतो, माझ्यावरून एकदा हात फिरवतो आणि पुन्हा उभा राहतो. मला त्याचा हात ओळखू येतो.

आता थोडं पात्रता फेरीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लोकांना वाटतं, देश आहे, झेंडा आहे, म्हणजे मोठ्या स्पर्धेचं बोलावणं येणारच. तसं नसतं. आधी देशांचे गट पाडतात. आमच्या गटात चार होते. एक मोठे, ज्यांच्या राखीव खेळाडूंनाही जग ओळखतं. एक डोंगराकडचे, एक बेटावरचे आणि आम्ही. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या. जिंकलात तर तीन गुण, बरोबरीला एक, हरलात तर काही नाही. पहिला येईल तो थेट स्पर्धेत. दुसरा येईल त्याला अजून एक संधी, दुसऱ्या गटातल्या दुसऱ्याशी. बाकीच्या दोघांनी बॅगा भरायच्या.

आणि दोघांचे गुण सारखे झाले तर? तर किती गोल केले आणि किती खाल्ले, यातला फरक बघायचा. हे वाचायला सोपं आहे. पण माझ्या जागेवरून बघा. माझ्यात आलेला प्रत्येक चेंडू मोजला जातो. हरलेल्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला, लोक उठून घरी निघालेले असताना आलेलासुद्धा.

हे आमच्या लोकांना कोण सांगणार! आमच्याकडे एक रीत आहे. आपण मागे असलो आणि शेवटचा कॉर्नर मिळाला, की अख्खं मैदान ओरडतं, "कुलूप पुढे! कुलूप पुढे!" मग गोलकीपरने आपली जागा सोडून पार समोरच्या गोलपाशी धावत जायचं, डोक्याने गोल मारायला. तसा गोल आजवर झालेला नाही. पण तो धावला की लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, बायका पदराने डोळे पुसतात. कुंपणाला लागून, अगदी माझ्या मागे, त्याचा बाप उभा असतो. सगळ्यात मोठा आवाज त्याचा.

गटातला पहिलाच सामना डोंगराकडच्यांशी होता, आमच्या घरी. आम्ही एक गोलने मागे होतो. शेवटचा कॉर्नर मिळाला. कुलूप धावला. चेंडू त्यांच्या हाती लागला, त्यांनी लांबूनच मारला आणि तो रिकाम्या मैदानातून घरंगळत माझ्याकडे आला. अडवायला कुणी नव्हतं. मी तरी काय करणार? जाळी अडवत नाही, जाळी धरते.

शून्य-दोन. तरी लोक म्हणाले, "शाबास! लढून हरलो!"

पण तो गोल मला पुढचे सगळे सामने टोचत राहिला.

नंतर आम्ही बेटावरच्यांना दोन्ही वेळा हरवलं. डोंगराकडच्यांशी त्यांच्या घरी बरोबरी केली. मोठ्यांनी त्यांच्या घरी आम्हाला धुतलं, ते अपेक्षित होतं. शेवटच्या सामन्याला आमचे सात गुण होते, डोंगराकडच्यांचे सहा. पहिली जागा मोठ्यांनी कधीच घेऊन टाकली होती. भांडण दुसऱ्या जागेचं होतं. आमचा सामना मोठ्यांशी, इथे. डोंगराकडच्यांचा बेटावर. दोन्ही एकाच वेळी सुरू, म्हणजे दुसऱ्याचा निकाल बघून कुणी लबाडी करू नये.

ऊन उतरणीला लागलं होतं. दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या आणि कुलूप माझ्यासमोर आला. मोठ्यांचा एक उंच खेळाडू आहे, आमचे लोक त्याला लांबटांग्या म्हणतात. त्याने असा काही फटका मारला, की कुलपाची बोटं लागूनही चेंडू माझ्यात आला. शून्य-एक.

मग एका खेळाडूला दुखापत झाली, खेळ थांबला, आणि आमचा सामना लांबला. तिकडचा संपला. बाकावरच्या मदतनिसाने कानाला लावलेला फोन खाली केला आणि कोचच्या कानात काहीतरी सांगितलं. कोच रेषेपर्यंत धावत आला, एक बोट वर धरलं आणि दोन्ही तळहात खाली दाबले.

तिकडे बरोबरी झाली होती. डोंगराकडचे सातवर आले. म्हणजे आम्ही हरलो तरी गुण सारखे, आणि गोलांच्या फरकात आम्ही एका गोलने वरचढ. पण अजून एक खाल्ला असता, तर फरकही सारखा झाला असता. मग कुणी एकूण जास्त गोल केले ते बघतात, आणि ते त्यांनी केले होते. थोडक्यात, एक गोल चालत होता. दोन नाही.

हे संघाला कळलं. लोकांना कोण सांगणार? त्यांना दिसत होतं ते इतकंच, की आपली पोरं मागे आहेत आणि आपसात चेंडू फिरवत बसलीत.

"अरे पुढे खेळा, भित्र्यांनो!"

"घरी जाऊन झोपा!"

तेवढ्यात आम्हाला कॉर्नर मिळाला. कोचला नको होता तो, पण मिळाला. आणि मैदान उठलं. "कुलूप पुढे! कुलूप पुढे!"

कुलूप चार पावलं पुढे गेला. सवयच ती. मग थांबला आणि मागे येऊन माझ्या खांबाला पाठ लावून उभा राहिला.

लोकांच्या अशा शिट्ट्या मी मैदानात कधी ऐकल्या नव्हत्या. माझ्या मागून बाप ओरडला, "जा ना रे! पाय बांधलेत का तुझे?"

"बाबा, एक चालतो."

"काय चालतो? हरतोयस तू! माझ्या देखत हरतोयस!"

"दुसरा खाल्ला तर बाहेर जाऊ. गप्प बसा जरा."

"बापाला गप्प बस म्हणतो!"

"आज म्हणतो," कुलूप मागे न वळता म्हणाला.

कॉर्नरचा चेंडू आला, त्यांनी डोक्याने उडवला, आणि तो थेट लांबटांग्याच्या पायात. आमचे सगळे पुढे अडकलेले. तो एकटा धावत सुटला. याच मैदानावर, अशाच वेळी, मागच्या खेपेला इथे कुणी नव्हतं. आज होतं. कुलूप पुढे झेपावला, फटका त्याच्या छातीवर बसला, चेंडू उडून खांबाला लागला आणि रेषेवर परतला. कुलूप त्याच्यावर पडला आणि उठेचना. पंचाची शिट्टी झाली तेव्हाही चेंडू त्याच्या पोटाखाली होता.

हरलो, एवढंच लोकांना कळत होतं. आणि बाकावरचे सगळे नाचत, रडत कुलपाकडे धावले, आणि उठून तोही नाचू लागला. मोठ्यांचे खेळाडू एकमेकांकडे बघू लागले, की जिंकलं कोण? मग कर्ण्यावरून गटाची स्थिती वाचली गेली. आधी एका कोपऱ्यात, मग सगळीकडे, लोकांच्या डोक्यात ते शिरत गेलं. ज्यांनी शिव्या दिल्या तेच कुंपणावर चढले.

बाप चढला नाही. गर्दी पांगल्यावर तो आत आला. मोठ्यांच्या गोलने माझी एक गाठ सुटली होती, ती बांधायला बसला. कुलूप शेजारी, छातीवर बर्फ धरून.

"मला हरणं आवडलं नाही," बाप गाठ ओढत म्हणाला.

"मलाही नाही, बाबा."

"मग नाचत काय होतास?"

"अजून दोन सामने मिळाले म्हणून."

बापाने गाठ पक्की केली, उरलेला दोरा तोडला. मग म्हणाला, "छाती दाखव. सुजलीय का बघू."

तर अशी ही आमची 'हरून नाचण्याची' गोष्ट. कुणी म्हणतं, मागच्या दाराने आले. म्हणू द्या. गुणांचे नियम आम्ही केले नाहीत, गोलांच्या फरकाचाही नाही. मोठ्या देशांनी केले, आणि आम्ही पाळले. आमच्या कोचलाही कुणीतरी माइक पुढे करून विचारलं, "हरून पुढे जायची लाज नाही वाटत?" तो म्हणाला, "लाज बाहेर पडलेल्यांना विचारा. मला सराव घ्यायचाय."

आता दुसऱ्या गटातल्या दुसऱ्या संघाशी दोन सामने आहेत. एक इथे, एक त्यांच्याकडे. दोन्हींचे गोल एकत्र मोजणार, आणि जास्त ज्याचे तो स्पर्धेत. ते आजच सरावाला आले. त्यांच्या एका खेळाडूने माझी हाताने बांधलेली गाठ बोटात धरली, दुसऱ्याला दाखवली आणि दोघे हसले.

मला वाईट वाटलं नाही. माझ्या गाठी जाड आहेत, रंग उडालाय, एका बाजूने मी किंचित खाली आलेय. नवी पांढरी जाळी आणू म्हणणारेही आहेत. आणतील तेव्हा मी जाईन. पण हा सामना मला बघायचाय, आणि तो बघितल्याशिवाय मी खांब सोडणार नाही.

तुम्ही मैदानावर आलात तर एकच विनंती आहे. कुलपाला पुढे बोलावू नका. त्याला माझ्यापाशी राहू द्या. आणि त्या हसणाऱ्यांना म्हणावं, या. चेंडू घेऊन या. गाठींचं काय बघता, गाठींपर्यंत पोचायचंय तुम्हाला अजून.