चंपाचं टिंब

"ओ मिस्तरी, तुमची करवत गाऊन राहिली का रडून राहिली?"

पोलाद कारखान्याच्या भट्टीचे पाये खोदले जात होते तेव्हाचा हा आवाज. देवाजीच्या कानातून तो गेलाच नाही. डोक्यावर घमेलं, खाली पदराची चुंबळ, पापण्यांवर सिमेंटची भुकटी. चंपा त्याच्या खोपटासमोर थबकायची, विचारायची, आणि उत्तर न घेताच पुढं जायची.

देवाजी दिवसा बांधकामावर सुतारी करी आणि संध्याकाळी कुरुदच्या वाटेवरल्या खोपटात लोकांची नावं कापी. शिलाई मशीनच्या जुन्या पायडलवर त्यानं बारीक पात्याची करवत बसवली होती. पाय हलला की पातं खालीवर नाचे, हात फळी फिरवत राही, आणि यंत्रांच्या मोडक्या खोक्याच्या लाकडातून अख्खं नाव एकसंध निघून येई. नवी क्वार्टरं उठत होती. ज्यांच्या बापाला गावात कोणी धड नावानं हाक मारली नव्हती, ते आपलं नाव दारावर लावायला मागत होते.

चंपानंही मागितलं. बस्तीतल्या शाळेत ती नुकती अक्षरं शिकली होती. भुशात बोटानं तिनं नाव काढलं, वर टिंब ठेवलं आणि मान वाकडी करून लांबून पाहिलं. टिंब इसरू नका, म्हणाली, त्याच्याबिगर मी कोनीच नाही.

नाव तर दुसऱ्याच दिवशी कापून झालं. पण ती आली की देवाजी सांगे, टिंब पडते. बाकीची अक्षरं रेघेला लटकून राहतात, टिंब रेघेच्याही वर, ते कोणाला धरील? उद्या ये. ती उद्या यायची, उंबऱ्यावर टेकायची, चार गोष्टी बोलायची, हसत जायची. असा हिवाळा सरला. मग एक दिवस बाप तिला तुमसरला घेऊन गेला, लग्न ठरलं होतं. शेजारच्या गिरजाबाईजवळ तिनं निरोप ठेवला, मिस्तरीले म्हना, आता राहू द्या.

नाव आतल्या भिंतीवर टांगलं गेलं. टिंब बंडीच्या खिशात राहिलं, चिंचोक्यासारखं गुळगुळीत होत गेलं. भट्टी पेटली, रात्रीचं आभाळ तांबडं दिसू लागलं, खोपटाला विटांच्या भिंती आल्या. दारावर मात्र नुसता खिळा. गावभर नावं वाटते अन् सोताच्या दाराले खिळा, गिरजाबाई टोमणा मारी. देवाजी भुसा झाडत राही.

चंपाचा नवरा खाणीत दबून मेला, हेही त्याला गिरजाबाईकडूनच कळलं होतं.

आणि यंदा चंपा आली. भाऊ लहानूला मरोद्याकडं क्वार्टर मिळालं होतं, त्याचं नाव करून हवं होतं. कपाळ मोकळं, केसात पांढरी बट. संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत जाणार होती. ती त्याच उंबऱ्यावर टेकली. करवत चालली. गाते की रडते, तिनं विचारलं नाही.

तयार नावं तारेवर टांगली होती. ती एकेक अक्षर लावून वाचत गेली. शेवंता. सिंधुताई. मग उघड्या दारातून तिची नजर आतल्या भिंतीवर गेली.

"आन् ही चपा कोन जी?" तिला हसू आलं.

देवाजीनं खिशातून टिंब काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. हसू थांबलं. बराच वेळ ती त्या इवल्या लाकडाकडं पाहत राहिली. मग तारेवरच्या शेवंताकडं.

"मिस्तरी, शेवंताचं टिंब तं उभं हाय. खाली बारीक दांडी ठेवली तुमी. सिंधुताईचंबी तसंच. मंग माह्यंच कावून पडून राहिलं होतं?"

देवाजीचा पाय थांबला. ही युक्ती मागाहून सुचली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. लहानूचं नाव घेऊन ती स्टेशनाकडं गेली असती. कारखान्याचा भोंगा झाला, विरला.

"पडत नव्हतं," तो म्हणाला. "म्याच अलग ठेवलं होतं. पाटी दिली असती तं तू आली नसती. आन् ती मले तुले द्याचीच नव्हती, चंपा. माह्या दारावर लावाची होती."