दोन हजार चारशे चौकटींतली आई

छापखान्यात तिला सगळे चौकटताई म्हणत. पानावरची चौकट केसभर सरकली तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. जेवणाचा डबासुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवणारी बाई! वीस वर्षं तिने संगणकावर माहितीपत्रकं मांडली, दिनदर्शिका मांडल्या, औषधांची लेबलं मांडली. पण या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत ती जे मांडत होती, ते कुठल्याच गिऱ्हाइकाचं नव्हतं. ती आपली आई मांडत होती.

ती दोन वर्षांची असताना आई गेली. बाबा फोटोग्राफर. अख्ख्या गावाचे पासपोर्ट फोटो त्यांनी काढले आणि बायकोचा फोटो एकच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तोही पासपोर्टचाच, आणि कचेरीने परत पाठवलेला, कारण नजर समोर नव्हती, खाली होती. ती नजर चौकटताईला जन्मभर सलत आली. एकच फोटो, आणि त्यातही आई आपल्याकडे बघत नाही! चाळिशी उलटलेल्या बाईने असल्या गोष्टीचं वाईट वाटून घेऊ नये, हे तिला कळायचं. पण वाटायचं ते वाटायचंच.

बाबांनी स्टुडिओ बंद केला तेव्हा माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या. 'पुन्हा लागली तर' म्हणून बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाची एक प्रत ठेवून घेत. "टाकून दे," ते म्हणाले. तिने टाकल्या नाहीत. रंगीत फोटो बाजूला काढले, आईच्या वेळचे जुने काळेपांढरे तेवढे घेतले आणि स्कॅन केले.

मग आईचा फोटो पानभर मोठा करून तिने तळाच्या थरावर ठेवला, आणि हलू नये म्हणून त्या थराला कुलूप घातलं. वरच्या थरावर माउसने एक चौकट ओढली. ओढता ओढता बाणांची बटणं दाबत गेली, तशी ती एक चौकट फुटत फुटत आडव्या अठ्ठेचाळीस आणि उभ्या पन्नास झाल्या. आता प्रत्येकीत एक चेहरा बसवायचा. खाली जिथे आई गडद तिथे गडद फोटो, उजळ तिथे उजळ, आणि वरून आईइतकीच करडी छटा. आईच्या केसांत टोपीवाले पहारेकरी गेले. गालावर टक्कलवाले मास्तर बसले. डोळ्यातल्या चमकेच्या ठिपक्यात एका नर्सची पांढरी टोपी बरोब्बर मावली.

एका दुपारी शेवटची चौकट भरली आणि तिने पान पडद्यावर लहान करून पाहिलं. हातातला घास हातातच राहिला. गाव कुठच्या कुठे गेलं होतं आणि तिथे आई होती. एकेक चौकट हिनेच बसवलेली, तरी हे आपल्या हातून झालं यावर तिचा विश्वास बसेना. नजर मात्र खाली ती खालीच.

छापताना तिने एक घोळ घातला. पासपोर्ट फोटो म्हणजे साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर, हे बापाने लेकीच्या हाडीमाशी भिनवलेलं. चेहरे लहान करावेत हे तिला सुचलंच नाही. सगळे होत्या मापात छापले गेले आणि छापलेल्या पट्ट्या भिंतीवर चिकटवता चिकटवता आई जमिनीपासून छतापर्यंत गेली. छापखाना तो केवढा! आत उभं राहून बघावं तर नुसती माणसंच माणसं.

"ताई, मतदारयादी लावलीय का?" मशीनवाले मामा म्हणाले.

भिंग घेऊन ती सांधे तपासत होती आणि तिच्या कपाळाला आठी पडली. भिंगाखालच्या फोटोतला माणूस लेन्समध्ये बघत नव्हता. शेजारचाही नाही. तिसरा, दहावा, शंभरावा, सगळ्यांची नजर लेन्सच्या किंचित डावीकडे. तिने बाबांना फोन करून बोलावून घेतलं.

"बाबा, नजर चुकलीय हो सगळ्यांची. एवढ्या वर्षांत तुमच्या लक्षात नाही आलं?"

बाबांनी भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ काढलंच नाही.

"चुकली नाही गं," ते म्हणाले. "तिथे तुझी आई उभी असायची. कॅमेऱ्यापुढे माणूस लाकूड होतो. ती कॉलर नीट करायची, 'घाबरू नका, माझ्याकडे बघा' म्हणायची. ते बघायचे, की मी बटण दाबायचो."

चौकटताई भिंतीवरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत गेली. दोन हजार चारशे माणसं, आणि सगळी आईकडे बघत होती. ज्यांनी तिला पाहिलं, त्यांचीच मिळून ती झाली होती.

"इथून नाही दिसायची. लांब चल," बाबा म्हणाले. दोघं शटरमधून बाहेर पडली आणि रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेली. तिथून आई लख्ख दिसत होती.

"मग आईचा फोटो काढताना तिच्या जागी कोण होतं?"

"कोण असणार? तू. दीड वर्षाची होतीस. स्टँडचा पाय धरून उभी. मी घसा फोडून सांगतोय समोर बघ, समोर बघ, पण ती ऐकेल तर शपथ!"

चौकटताई फुटपाथच्या कडेवर मटकन खाली बसली आणि तिने मान वर केली.

आई तिच्याकडेच बघत होती.