चहाच्या चमच्यानं चार

बसम्माच्या हाताला अंदाज आहे, असं अख्खं घाटनांदूर म्हणायचं. दोनशे माणसांच्या आमटीला मीठ किती, हे ती नुसती मूठ वळवून दाखवायची आणि ते कधी चुकायचं नाही. त्यामुळे तीन महिन्यांची नात, रुद्राणी, तिच्यावर सोपवून सून शिवांजली पुन्हा कामावर रुजू झाली, तेव्हा कुणालाच काळजी वाटली नाही.

पंच्याण्णव साल होतं. शिवांजली चार कोसांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. सकाळी निघण्याआधी, संध्याकाळी आल्यावर आणि रात्री ती लेकीला अंगावर पाजायची. मधल्या तीन वेळा डब्यातल्या पावडरचं दूध. रविवारी ती घरीच असायची, तेव्हा बाटली लागायची नाही. डबा सिद्धाराम, बसम्माचा मुलगा, दुकानाचा माल आणायला परळीला गेला की घेऊन यायचा. शिवांजलीनं सासूला नीट दाखवलं होतं. चार औंस उकळलेलं पाणी, त्यात डब्यातल्या मापानं सपाट भरून चार मापं. बसम्माला वाचता येत नव्हतं. पण चार मोजायला वाचता कशाला यायला हवं?

तिसऱ्याच दिवशी घोटाळा झाला. बाटलीबरोबर तिनं मापही उकळायला टाकलं, आणि शेजारच्या रुक्मिणीबाईशी दारात बोलत बसली. पाणी आटलं. काचेची बाटली वाचली, पण प्लॅस्टिकचं माप वितळून पातेल्याच्या बुडाला चिकटलं. बसम्मानं ते खरवडून उकिरड्यावर टाकलं. तीन दिवसांत वस्तूची वाट लावली, हे शिकलेल्या सुनेला कोणत्या तोंडानं सांगायचं? तिनं चहाचा चमचा घेतला. चार मापांऐवजी चार चमचे.

पोरगी बाटली संपवून पुन्हा रडायची. आईची आठवण येत असेल, असं बसम्मा समजायची. दहा दिवसांचा डबा दोन आठवडे झाले तरी संपेना.

"आई, तुझ्या हाताला बरकत हाय," सिद्धाराम म्हणाला, आणि तिला बरं वाटलं.

मग पोरगी वाळू लागली. मांड्यांवर सुरकुत्या पडल्या. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी वजन केलं, तर वाढायच्या ऐवजी पावभर उतरलेलं.

"पावडर किती घालता?"

"चार औंसाला चार मापं," शिवांजली म्हणाली. डॉक्टरांनी बसम्माकडे पाहिलं. बसम्मानं होय म्हणून मान हलवली.

"मग आईचं दूध कमी पडत असेल. नोकरीची दगदगही आहेच."

तेवढं वाक्य घरी आलं आणि गल्लीभर झालं. रुक्मिणीबाई म्हणाली, नोकरीवालीचं दूध लई पातळ असतं. शिवांजलीनं अळिवाची खीर खाल्ली, मेथीचे लाडू खाल्ले, शतावरी घेतली. शाळेत दुपारनंतर तिचा ब्लाउज दुधानं भिजायचा. ती छातीशी हजेरीपट धरून शिकवायची. हे तिनं फक्त सासूला सांगितलं होतं. तरीही बसम्मा चारचौघींत म्हणाली, "खात जा गं पोटभर. लेकराकडं बघ जरा."

तीन आठवड्यांनी पहिला डबा संपला, दुसरा आला. बसम्मानं झाकण काढलं. पावडरीत नवं माप रुतलेलं होतं. तिनं ते उचललं, आणि काय मनात आलं कोण जाणे, चहाच्या चमच्यानं भरून पाहिलं. एका चमच्यात ते अर्धंच भरलं. दुसरा घातला, तेव्हा काठाशी आलं.

ती तिथंच खाली बसली. तीन आठवडे तिनं पोरीला अर्धं पाणीच पाजलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं, पण त्यावर नजर ठरेना. त्या दिवसापासून तिनं मापानं मोजून दूध करायला घेतलं. कुणाला बोलली नाही. पोर भरून आली की कुणाला कळायचंही नाही, अशी मनाची समजूत घालत राहिली.

सहाव्या दिवशी, रविवारी, शिवांजली राजीनामा लिहायला बसली. सिद्धाराम शेजारीच उभा होता; तो कागद घेऊन सोमवारी पंचायत समितीत जाणार होता. रुक्मिणीबाई उंबऱ्यात बसून बघत होती.

"बरं केलंस बाई," ती म्हणाली. "लेकराला उपाशी ठिवून पगार काय कामाचा?"

शिवांजलीचा पेन थांबला. ती रडली नाही. खाली बघून पुन्हा लिहू लागली. ते मात्र बसम्माला बघवलं नाही.

"लिहू नको," ती म्हणाली. "उपाशी म्या ठिवलं."

माप, पातेलं, चमचा, सगळं तिनं सांगितलं. सांगताना पदर तोंडाशी नेला, पण थांबली नाही. "पोरगी तगली ती हिच्या दुधावर," शेवटी म्हणाली.

रुक्मिणीबाई उठून गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळणार, हे बसम्माला ठाऊक होतं.

शिवांजलीनं विचारलं, "दुसरा डबा उघडून किती दिवस झाले?"

"सहा."

"म्हणजे सहा दिवस तुम्हाला माहीत होतं, आत्याबाई."

पहिले तीन आठवडे नकळत गेले होते. हे सहा दिवस तिचे स्वतःचे होते. सिद्धारामनं आईकडे पाहिलं, टेबलावरचा कागद उचलून फाडला आणि दुकानात निघून गेला.

शिवांजलीनं आठवडाभर रजा टाकली. अंगावर पाजून झालं की वरच्या दुधाची बाटली तीच उकळायची, तीच भरायची. सासूला जेवायला वाढायची, पण कामापुरतंच बोलायची. बसम्मा अंगणात धान्य निवडत बसायची. पोरगी आत रडली की उठायची, आणि दारापर्यंत जाऊन परत यायची. बायका विचारायच्या, "आज नात मांडीवर न्हाई?" तिला मान वर करवत नसे.

पुढच्या सोमवारी सकाळी शाळेची साडी नेसून शिवांजली बाहेर आली. लेकीला पाजून झालं होतं. तिनं डबा, बाटली आणि पाणी सासूसमोर ठेवलं.

"दुपारचं कसं करणार, ते माझ्यासमोर करून दाखवा."

पंचावन्न वर्षांची बसम्मा पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या पोरासारखी अंग चोरून बसली. एक माप घेतलं, सुरीच्या पाठीनं सपाट केलं, घातलं. एक. दोन. तीन. चौथं थोडं सांडलं.

"सांडलं," ती लगेच म्हणाली.

"पुन्हा भरा."

तिनं पुन्हा भरलं. शिवांजलीनं बाटली उजेडात धरून हलवून पाहिली आणि झाकण लावलं. मग रुद्राणीला उचलून सासूच्या मांडीवर दिलं. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना माया.

"काही मोडलं, सांडलं, तर त्याच दिवशी सांगायचं."

"सांगीन."

बाहेर जीपनं हॉर्न वाजवला. शिवांजली पर्स उचलून निघाली. बसम्मानं पोरीला छातीशी धरलं. सुनेची जीप कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिनं मान वर केली नाही.