पोखर्णीच्या परण्यात

"थांबायचं न्हाई, कळलं का? काय बी झालं तरी वाजवत ऱ्हायचं!" क्लॅरिनेट पुसता पुसता सूर्यभान मास्तरांनी पुन्हा बजावलं.

"आवो मास्तर, आमी काय काल बँडात आलाव का?" सिद्धोधनने ढोलाचा पट्टा गळ्यात अडकवला.

पोखर्णीत भागवतचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळाकडे निघायच्या बेतात होता. नवरदेव घोड्यावर बसला होता आणि घोडा कंटाळला होता. पण आज नवरदेवाकडे बघायला सवड होती कुणाला? पालमच्या बँडवाल्या मास्तरांच्या लेकीचं, रोहिणीचं गाणं परदेशात, देशोदेशीच्या गाण्यांच्या स्पर्धेत, पहिलं आलं होतं. सकाळीच बातमी आली होती. लोक मास्तरांना पेढे भरवायला धावत होते आणि तोंड गोड झालं की फुंक बिघडते म्हणून मास्तर ते खिशात टाकत होते.

त्या गाण्याच्या सुरुवातीला मास्तरांचंच क्लॅरिनेट होतं. गेल्या उन्हाळ्यात रोहिणी पुण्याहून आली, मोबाइल पुढं धरला आणि म्हणाली, "बाबा, परण्यात वाजवता तसं वाजवा." त्यांनी वाजवलं आणि विसरून गेले. पुढं गाणं तयार होऊन आलं, तेव्हा ऐकताना आपल्या वाजवण्यापाशीच त्यांचे डोळे असे भरून यायचे, की पुढचं काही कानात शिरायचंच नाही.

आज फोनवर ती हसत-रडत म्हणाली होती, "बाबा, बक्षीस घेतलं, पण खरंच वाटंना. आपल्या बँडात वाजू द्या, मंग वाटंल. मी ऐकायलेय." म्हणून तिची आई, मालनबाई, बँडाच्या बाजूला मोबाइल उंच धरून उभी होती. पडद्यावर रोहिणी तिकडच्या थंडीत शाल गुंडाळून बसली होती.

मास्तरांनी फुंक मारली. सूर गल्लीभर पसरला, ढोल-ताशे मागं धावले, पोरी नाचायला लागल्या. सूर खाली आणत मास्तरांनी क्लॅरिनेटवर शेवटची गिरकी घेतली आणि सगळे ढोल-ताशे खाडकन बंद पडले.

"काय रं हे!"

"तुमीच थांबा म्हणलात की!" सिद्धोधन चकित झाला.

खरंच होतं. बँडात ती गिरकी म्हणजे मास्तरांचा हुकूम. देऊळ आलं की ते गिरकी घ्यायचे आणि काठ्या जागच्या जागी थांबायच्या. इतक्या वर्षांची सवय. डोक्याला कळायच्या आत हाताला कळायचं.

पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. लोक हसू लागले. नवरदेवाचे वडील महारुद्र पुढं आले. "मास्तर, ते आपलं नेहमीचंच वाजवा की. ऊन लय हाय."

मास्तरांचा चेहरा उतरला. सगळ्या जगानं ऐकलेलं लेकीचं गाणं तिच्याच बापाच्या बँडाला पुढं नेता येईना, आणि ती बघत होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा!" मोबाइलमधून आवाज आला. "थितं थांबायचंच हाय!"

"आं?"

"ल्हानपणी तुमच्या मागं चालायची ना मी. गिरकी झाली की सगळं शांत व्हायचं, तवाच मला गावं वाटायचं. गाण्यात बी थितंच माझा आवाज सुरू होतोय. तुमी पुढचं ऐकलंच न्हाई का?"

मास्तर ओशाळले, मग खुदकन हसले. पुन्हा क्लॅरिनेट उचललं. गिरकी झाली आणि ढोल थांबले. या वेळी कुणी हसलं नाही. घोड्याच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजली.

त्या शांततेत मालनबाई गायला लागली. मोबाइल तसाच उंच धरून, थोडी बेसूर, पण शब्द न चुकता. जन्मात ती कधी परण्यात गायली नव्हती. मग पोरींनी सूर धरला, आणि सातासमुद्रापलीकडून रोहिणीचा आवाज जरासा मागून येऊन मिळाला.

सिद्धोधननं काठी उचलली. मास्तरांनी हातानंच त्याला थोपवलं. मग क्लॅरिनेट बगलेत धरलं, खिशातून एक पेढा काढला आणि तोंडात टाकला.