साळूबाईंच्या पोटातली आग

मित्रांनो, मी पित्ताच्या औषधाची एक जुनी बाटली आहे. तिसगावच्या मेडिकलमधून साळूबाईंनी मला घरी आणलं. रस्त्यावरच्या ढाब्यावर त्या बसून भाकरी थापत. दिवसाला दीडशे!

माझं काम साधं होतं. जेवणानंतर दोन चमचे घेतले की मी पोटातलं आम्ल शांत करायचे. दुधावर साय धरावी तसा अन्नावर थर धरायचे, मग जळजळ घशाशी येत नसे. “लई गार वाटलं,” म्हणत साळूबाई मला पदरानं पुसून ठेवत. मला अभिमान वाटे.

पण चारच दिवसांत चमचा बाजूला पडला. त्या मला थेट तोंडाला लावू लागल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या उपाशीपोटी गोळ्या घेत. त्या गोळ्यांनीच पोटात आग पेटे आणि विझवायला मी! मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसं?

एके सकाळी त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. सून पंकजा धावली.

“आत्या, काय झालं?”

“काय न्हाई गं. जळजळतंय जरा. ती बाटली दे.”

पंकजानं मला उचललं. “आठ दिवसांमागं आणली हुती की! तळाला गेली?”

तिनं खोदून विचारलं, तेव्हा साळूबाई लाजत म्हणाल्या, “परसाकडं डांबरावानी काळं हुतंय.”

पंकजानं मला आणि गोळ्यांना पिशवीत टाकलं. शेजाऱ्यांच्या जीपमधून सासूला थेट नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून पाहिलं.

“पोटात जखम आहे, रक्त जातंय. या बाटलीनं दुखणं झाकलं, बरं नाही केलं.”

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. दोन दिवस पंकजा बाकावर पिशवी उराशी धरून बसली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “रक्त थांबलं. धोका टळला.” पंकजा हसता हसता रडली. मीही सुटकेचा निःश्वास सोडला.

आता साळूबाई वेळेवर जेवतात, डॉक्टरांनी दिलेलीच औषधं घेतात आणि गुडघे दुमडायला नकोत म्हणून उंच ओट्यापाशी उभं राहून भाकरी थापतात.

मित्रांनो, कधीमधी जळजळलं तर मी मदतीला आहेच. पण रोजच माझी गरज लागू लागली, तर मला बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना गाठा. माझ्यातलं उरलेलं औषध पंकजानं परवा ओतून दिलं. नवी बाटली कुणी आणली नाही, आणि मी सुखात आहे.